त्याच नावाचं वादळ

आमच्या वेसाव्याच्या गल्लीत एक जण आहे, सगळ्यांना मोबाईलवरच्या बातम्या वाचून दाखवतो. चष्मा कपाळावर, तोंडात बडीशेप, आणि दर वाक्याला "मी सांगतो ना!" मला इंग्रजी येत नाही, म्हणून मीपण त्याच्याच तोंडाकडे बघत बसायचो.

गेल्या वर्षी वादळाचा इशारा आला तेव्हा आम्ही सगळे घरात बसलो. सकाळी हा ओट्यावर उभा राहून ओरडला, "वादळ विरलं! नाव वाचा ना, तेच आहे. मी सांगतो ना, निघा बाहेर!"

घरात कोंडलेले बोंबील वास मारायला लागले होते. ते बांबूच्या वलांडीवर वाळत घालायला माझी बायको हिरा किनाऱ्यावर गेली. वारा सुटला, कुणाच्या तरी छपराचा पत्रा उडाला आणि तिच्या डोक्यात बसला. जागीच गेली.

तेराव्याला हा आला. मला वाटलं, निदान हात तरी जोडेल. त्याने फोन काढला.

"काका, गंमत बघा. तिकडे लांबच्या समुद्रात याच नावाचं दुसरं वादळ होतं. विरलं ते तिकडचं. मी सांगतो ना, नाव एकच असल्यावर कोणीपण फसेल!" आणि नकाशा मोठा करून दाखवायला लागला.

माझं डोकंच फिरलं. "अरे, आपल्या गल्लीत हिरा नावाच्या तिघी आहेत. मग तेराव्याचं जेवायला बरोबर माझ्याच दारात कसा आलास रे?"

त्याने फोन खिशात घातला. पण जेवूनच गेला, हलकट.