मावशी, मेहुणा आणि निळंशार मशीन

कापलेल्या पाइपाची धारदार कड तिरपी तासायची, म्हणजे चॅम्फर मारायचा, यात मावशींची सव्वीस वर्षं गेली. कारखान्यात मालकांपासून पहारेकऱ्यापर्यंत सगळ्यांच्याच त्या मावशी. कडेवरून नुसता अंगठा फिरवून कटर बोथट झालाय का, ते सांगायच्या. त्यामुळे नवं मशीन निवडताना त्यांना विचारायचं अर्थातच कुणाला सुचलं नाही. निवड केली मालकांच्या मेहुण्याने. त्याचा अनुभव दांडगा: एकदा प्रदर्शनात जाऊन पिशवीभर माहितीपत्रकं आणली होती.

मशीन आलं, निळंशार. पहिला पाइप मेहुण्याने स्वतः लावला. जबड्यांनी तो असा आवळला, की गोल आत गेलेला पाइप लंबगोल होऊन बाहेर आला.

"पाइपच हलका आहे," मेहुणा म्हणाला.

"हलका नाही, पातळ. आपण पातळच बनवतो. हे मशीन भरीव सळ्यांचं आहे."

"मावशी, जरा जमान्याबरोबर चला!"

मावशींनी लंबगोल पाइप उचलून बाजूला ठेवला. जुनं मशीन भंगारात काढायचा हुकूम सुटला होता. त्यांनी ते कोपऱ्यात ढकललं आणि रोज घरी जाताना त्याला तेलपाणी करत राहिल्या. नव्या मशीनमध्ये साचलेला धातूचा कीस काढू म्हटलं, तर मेहुणा म्हणाला, "ऑटोमॅटिक आहे, हात लावू नका."

तिसऱ्या आठवड्यात ऑटोमॅटिक मशीन आपोआप बंद पडलं. कंपनीच्या मेकॅनिकने झाकण उघडून घमेलंभर कीस काढला. त्याच दुपारी गिऱ्हाइकाने ट्रकभर पाइप परत पाठवले. एकही जोडात बसत नव्हता.

मावशींनी जुनं मशीन ओढून बाहेर काढलं, कटर बदलला आणि चार दिवसांत सगळा माल नव्याने करून दिला. पाचव्या दिवशी मालकांनी सगळ्यांना बोलावलं आणि जुनं मशीन राखून ठेवल्याच्या दूरदृष्टीबद्दल मेहुण्याचं कौतुक केलं. मेहुणा विनयाने लाजला.

मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येऊन त्यांनी भांडी अशी आपटली, की नवऱ्याने विचारलं, "आज कुणाला घासताय?"

"उद्यापासून बोलणार आहे मी," त्या म्हणाल्या.

आणि बोलल्या. सकाळी थेट मालकांच्या केबिनमध्ये. पुढचं मशीन घ्यायला त्या स्वतः गेल्या, आपलेच बारा पातळ पाइप पोत्यात घालून.

"बाई, माहितीपत्रक बघा ना," विक्रेता म्हणाला.

"ते आमच्याकडे पिशवीभर आहे. तुम्ही आधी हा पाइप लावा."

नऊ मशीनांनी पाइप चेपले. दहावं त्यांनी घेतलं.