कुंभारणीचा लोटा

शेजारच्या मालतीताईंची वाटी सकाळपासून ओट्यावर घासून पालथी आहे. देववत नाही, रिकामं भांडं परत करायचं नसतं ना! त्या वाटीकडे बघून काल वाचून संपवलेली कादंबरी आठवली. मी शाळेत गेले नाही, किराण्याच्या पुड्यांवरची अक्षरं लावत वाचायला शिकले. तरी जादू, राक्षस, लढायांचे तिचे सातही जाडजूड भाग नातीच्या बरोबरीने वाचले, बरं का! पहिल्याच भागात जीव घेऊन पळणारा राजपुत्र एका कुंभारणीचा पाण्याचा लोटा घेऊन जातो. तेव्हापासून मला एकच घोर, लोटा परत करेल ना हा?

"आजी, तिकडे राज्य बुडतंय आणि तुझं काय लोट्याचं!" नात हसायची.

काल शेवटचं पान आलं. राजा झालेला तो कुंभारणीच्या दारात उभा, हातात लोटा, तिच्याच लढाईत जळालेल्या शेतात पुन्हा पिकलेल्या जोंधळ्यांनी काठोकाठ भरलेला. नातीने पुस्तक मिटलं. मग म्हणाली, "जिंकलीस गं आजी!"

एवढा पसारा मांडूनही लेखक तो लोटा विसरला नाही. मोठ्या गोष्टीने असंच संपावं, घेतलेलं भरून परत द्यावं. मला तर वाटलं, हा लेखक माझ्याच स्वयंपाकघरात वाढलाय. चला, वाटीत दोन लाडू ठेवते.