घरी नसलेला माणूस

धुळ्याच्या कोर्टातून आलेली घटस्फोटाची नोटीस मी परत पाठवली.

परत पाठवली म्हणजे, पोस्टमननं दार वाजवलं तेव्हा मीच आतून ओरडलो, "घरी कोणी नाही!" माझा आवाज त्याच्या चांगला ओळखीचा. त्यानं पाकिटावर 'घेण्यास नकार' लिहिलं आणि गेला. गावाकडे कोर्टाचा बेलिफ दिसला की माणसं शेतात निघून जायची; कागद हातात घेतला नाही तर खटला लागत नाही, अशी बठ्ठ्या गावाची, सगळ्यांचीच खात्री. ती खात्री मी जळगावात फ्लॅट घेताना सोबत आणली होती.

मग महिने गेले. मी ऑफिसला जात होतो, एका माणसाचा भात तिघांएवढा लावत होतो. वाईट वाटत नव्हतं. काहीच वाटत नव्हतं.

एक दिवस बायकोनं धुळ्याहून माझ्या थोरल्या बहिणीला फोन केला: हे तारखेला येत नाहीत, पोरीचं कसं करायचं? अक्का तडक माझ्याकडे आली.

"कागद परत गया म्हंजे कोर्ट बी परत गयं का रे?"

तिनंच मला एसटीत बसवून धुळ्याला नेलं. कोर्टातल्या मोफत सल्ल्याच्या खोलीत एक वकीलबाई होत्या. म्हणाल्या, "भाऊ, नकार दिला की नोटीस मिळाली असंच धरतात. तुम्ही आला नाहीत, म्हणून केस एकतर्फी चाललीय."

"म्हणजे?"

"म्हणजे मुलगी तुम्हाला कधी भेटणार, हे तुम्हाला न विचारता ठरेल. निकाल व्हायचाय अजून. हजर होऊ द्या, असा अर्ज करू. न येण्याचं कारण काय लिहू?"

"दाराआड होतो."

त्यांनी पेन खाली ठेवलं. अक्कानं पदर तोंडाला लावला; हसत होती की रडत होती, कळलं नाही.

अर्ज मंजूर झाला. आम्हाला समुपदेशनाला पाठवलं. बायको समोर बसली होती, नवा चष्मा लावून. तो कधी लागला, मला माहीत नव्हतं. समुपदेशकांनी विचारलं, तुमचं म्हणणं काय? बसमध्ये पाठ केलेलं भाषण आठवेना. म्हटलं, "रविवारी पोरगी."

बायकोनं दाराशी उभ्या अक्काकडे पाहिलं. पोस्टमनचा किस्सा अक्कानं तिला बाहेर बाकावरच सांगून टाकला होता.

"आणीन मी रविवारी," ती म्हणाली. "पण तिनं दार वाजवलं की घरी असा. माझ्या वेळी नऊ वर्षं नव्हतात."