भूर्जाचे वाण

टोकियोच्या ओजिमा भागातल्या आमच्या इमारतीमागे कालव्याच्या काठावर भूर्जाच्या कुळातले एक झाड आहे. खोडाची साल फिकट तांबूस, चिरोट्याला सुटतात तसे तिला पदर सुटलेले. वाऱ्यावर ते फडफडतात, काही गळतात. पुण्यात मी आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवले. निवृत्तीनंतर मुलाकडे येऊन राहिलो, तेव्हापासून रोज सकाळी त्या झाडासमोरच्या बाकावर बसतो. इथे येणारे-जाणारे वाकून नमस्कार करतात आणि मलाही वाकावे लागते. झाडाची तशी अपेक्षा नसते.

गेल्या हिवाळ्यात पत्नीने गळलेली साल उचलून विचारले, "अहो, भूर्जपत्र म्हणतात ते हेच का?"

"कूळ तेच. जात निराळी. ते हिमालयातले, हे मूळचे अमेरिकेतले."

"कूळ तेच ना? मग झालं. आपलं लग्न जमवताना तुमच्याकडच्यांनी माझं कूळच पाहिलं होतं. तुमची जात कसली निराळी आहे ते मला नंतर कळलं."

मी उत्तर दिले नाही. तिने त्याचा अर्थ संमती असा घेतला. तिची ती जुनी पद्धत आहे.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दरवर्षी प्लास्टिकचे डबे वाण म्हणून दिले जातात आणि पुढच्या वर्षी तेच फिरून परत येतात. पत्नीने या वेळी सालीच्या गुंडाळ्या करून त्यांना लाल दोरा बांधला आणि तिळगुळाबरोबर वाटल्या. भूर्जपत्र, तेही टोकियोत! बातमी पलीकडच्या हिगाशी-कसाई भागातल्या मराठी घरांपर्यंत पोहोचली. कोणी ते देवांखाली अंथरले, कोणी त्यावर 'शुभ लाभ' लिहिले. व्हिसाची मुदत वाढावी म्हणून एका इंजिनिअरने ते लॅपटॉपच्या पिशवीत ठेवल्याचेही ऐकले. जमिनीवर पडलेली साल संपली, तेव्हा मागाहून आलेल्या भाविकांनी खोडालाच हात घातला. रथसप्तमीपर्यंत झाड खालून उघडे पडले. मराठी बायकांचा हात जिथवर पोहोचतो, बरोबर तिथवर.

मग खोडावर एक कागद लागला. सूनबाईंनी तो वाचून दाखवला. त्या इथल्या ऑफिसात काम करतात, त्यांचे जपानी चांगले आहे.

"बाबा, लिहिलंय की झाडाला सालीचा रोग झालाय आणि तो खालून वर पसरतोय. पुढच्या आठवड्यात तोडणार आहेत. कोणाला काही म्हणायचं असेल तर रविवारी रहिवासी संघाच्या बैठकीला यावं."

पत्नी म्हणाली, "तुमचं झाड हो."

"माझे नाही. संघाचे आहे."

"मग रोज सकाळी काय संघाला भेटायला जाता?"

मला ते झाड हवे होते. याहून अधिक लिहिण्याची आवश्यकता नाही.

रविवारी आम्ही तिघे बैठकीला गेलो. संघाच्या अध्यक्षा माझ्याच वयाच्या आणि माझ्याइतक्याच कमी हसणाऱ्या होत्या. सालीची नैसर्गिक गळती या विषयावर मी एक छोटेखानी विवेचन तयार केले होते. मी घसा साफ करत होतो, तोवर पत्नीने डबा उघडून लाल दोऱ्याची एक गुंडाळी अध्यक्षांसमोर ठेवली.

"सूनबाई, सांग त्यांना. रोग मीच आहे."

"आई, असं कसं सांगू?"

"म्हटलं तसंच सांग. उगाच साखर घालू नकोस."

सूनबाईंनी सांगितले. अध्यक्षांनी गुंडाळी उलगडली, उजेडात धरली आणि तिचा उपयोग विचारला. आमच्याकडे पूर्वी अशा सालीवर ग्रंथ लिहीत, असे मी सांगितले. त्यांनी आणखी एकच प्रश्न केला: झाड जगेल का?

"आतली साल शाबूत आहे. जगेल."

माझे विवेचन तेवढ्यातच आटोपले. तोडण्याचा ठराव मागे घेतला गेला. इथे हिवाळ्यात पाइनच्या खोडांना पेंढ्याची चटई बांधतात, तशी या झाडालाही बांधायची आणि आमच्या लिपीत एक सूचना लावायची, असे ठरले. गुंडाळी अध्यक्षांनी परत केली नाही. मात्र तिळगूळ दोनदा घेतला.

सूचना मी लिहिली: 'साल ओढू नये. पडलेली घ्यावी.'

पत्नीने वाचली. "अगदी तुम्ही बोलता तशीच झालीये. निदान 'कृपया' तरी घाला."

जागा नव्हती. तरी घातले.

माळ्याने चटई बांधली त्या संध्याकाळी पत्नी बाल्कनीतून बराच वेळ खाली पाहत होती.

"बघा, कसं मुकाट्यानं स्वेटर घालून उभं आहे! नाहीतर तुम्ही. सांगून सांगून माझा घसा बसला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वेटर घालून बाकावर गेलो. थंडी फार होती, एवढेच कारण.