हत्तीवरून उतरलेला मिस्त्री

आमच्या उस्मानपुऱ्यातल्या मंडपवाल्यानं कुलर मिस्त्रीला फसवलं. भर दिवसा, भर गर्दीत. मी तिथं होतो, म्हणून लिहितो.

"होऊ द्या त्यांचं आधी," हे मिस्त्रीचं पालुपद. माझ्या भंगारच्या दुकानात तो जुने पत्रे निवडायला यायचा. मागून कुणी आलं की हा बाजूला सरकायचा. मी हातगाडीपासून दुकानापर्यंत आलो तो कुणाला पुढं जाऊ देऊन नाही. माझं डोकं फिरायचं.

"मिस्त्री, अशानं तुमचा नंबर कधी लागायचाच नाय."

"लागंल की शेठ. दुकान काय पळून चाललंय व्हय?"

भाव करायला मात्र पक्का. एका वाकड्या पाइपासाठी अर्धी दुपार घालवायचा, आणि वर चहा माझाच प्यायचा.

गेल्या हिवाळ्यात शहरात पायडलगाड्यांची शर्यत ठरली. इंजिन नाही, बॅटरी नाही. माणसानं पाय मारायचे आणि गाडीला हवं ते सोंग द्यायचं. जिंकलेली गाडी बागेच्या दारात कायमची उभी राहणार होती. मिस्त्रीनं माझ्याकडून पत्रे नेले आणि हत्ती केला. कुलरच्या जाळीचे कान, पाठीवर कुलरच्या गवताची झूल. पाय मारले की कान हलायचे.

मी म्हणालो, "या वयात हे काय काढलं?"

"जन्मभर मागच्या खिडकीला लावायच्या वस्तू केल्या, शेठ. एक तरी समोरच्या दारात दिसू द्या."

ती शर्यत तुम्ही पाहिली असेल तर हसून पोट दुखलं असेल. एक पलंग धावत होता. नवरा पाय मारतोय आणि बायको उशीला टेकून त्याच्यावर खेकसतेय. एक भलीमोठी किटली वळणावर कलंडली, तर आतून माणसं निघाली. ओरडून ओरडून माझा घसा बसला. मंडपवाल्याचा मोर सगळ्यांत देखणा, पैठणीच्या पदरावरून उठून आल्यासारखा. पण शेवटच्या चिखलाच्या खड्ड्यात तो रुतला. मागून हत्ती आला. बाजूनं निघून गेला असता तर बागेचं दार त्याचंच होतं.

मिस्त्री उतरला. चिखलात उभं राहून त्यानं मोराला खांदा लावला. मोर सुटला, तो मागं न बघता थेट पहिला आला.

दुसऱ्याची मदत घेतली की गाडी बाद, असा नियम होता. पंच पार टोकाला, त्यांना खड्डा दिसत नव्हता. गर्दीची ओरड ऐकून त्यांनी विचारलं तेव्हा मंडपवाला म्हणाला, "मदत कसली? मला अडवायला उतरला होता तो."

हत्ती बाद झाला.

मी दोरी ओलांडून आत घुसलो, आवाज चढवला. प्रेक्षकांची साक्ष चालत नाही म्हणे. मी मिस्त्रीवर ओरडलो, "तोंड उघडा की." तो मंडपवाल्याकडं बघत होता. एवढंच म्हणाला, "भाऊ, तुम्हीच सांगा."

भाऊ मोराची पिसं पुसत राहिला.

त्यानंतर मिस्त्री दुकानात एकदाच आला, हत्ती ढकलत. "ठेवा कुठंबी," म्हणाला. मी भाव सांगितला नाही, त्यानं विचारला नाही. हरल्याचं त्याला काही नव्हतं. पण गल्लीत नुसता निकाल ऐकलेले लोक त्याला "आडवा मिस्त्री" म्हणायला लागले, ते त्याला लागलं. आपल्या दुकानाला कुलूप घालून तो वैजापूरला मुलीकडं निघून गेला.

आता ऊन तापलंय. परवा मंडपवाला माझ्याकडं आला.

"शेठ, मिस्त्रीचा नंबर द्या की. लग्नसराई तोंडावर आली आणि सगळे कुलर बंद."

"मोर खड्ड्यातून कुणी काढला?"

"अहो, शर्यत होती ती. संपली."

त्याची संपली असेल. मोर बागेच्या दारात उभा आहे, लोक त्याच्यासोबत फोटो काढतात. मंडपवाल्यानं तिथं जावं, संध्याकाळच्या गर्दीत उभं राहावं आणि चारचौघांना ऐकू जाईल असं सांगावं, या मोराला खांदा कुणी लावला. नंबर मग देतो.