झेंडूची माळ आणि बूट डिरेक्टरी

ठाण्याच्या ज्या महाविद्यालयात मी संगणकशास्त्र शिकवते, तिथे खंडेनवमीला सर्व्हर बंद करून त्याची पूजा होते. प्रयोगशाळा सांभाळणारे काका टेंभी नाक्यावरून झेंडू आणतात, हळदकुंकू लावतात. पहिल्या वर्षी मी या प्रकाराला उघड हसले होते.

त्याच वर्षी, नवमीच्या चार दिवस आधी, सर्व्हरची बूट डिरेक्टरी भरली. यंत्र जागं होताना ज्या फायली सर्वांत आधी लागतात, त्या इथे वेगळ्या ठेवतात. कारण डिस्कचा उरलेला भाग तेव्हा उघडलेलाही नसतो. हे मी वर्गात शिकवत होते. तरीही जागा करण्यासाठी मी कर्नलच्या, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या मूळ प्रोग्रॅमच्या, जुन्या आवृत्त्या पुसल्या. नवी आवृत्ती जागेअभावी अर्धवटच उतरली होती, ते तपासलं नाही. चालू यंत्र त्या फायलींकडे पुन्हा पाहत नाही. त्यामुळे चार दिवस सगळं सुरळीत चाललं.

दसऱ्यानंतर काकांनी बटण दाबलं आणि सर्व्हर उठलाच नाही.

"काय हो, हळद आत सांडलीत की काय?" विभागप्रमुख सर ओरडले. "यंत्र आहे ते, देव्हारा नाही!"

"नाही साहेब, वरच्यावर बोट टेकवलं फक्त."

पडद्यावरची ओळ वाचताच चूक कोणाची ते मला कळलं. मी एवढंच म्हणाले, "बघते मी, सर."

दुपारपर्यंत पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करून मी त्या फायली जागेवर बसवल्या. मला शाबासकी मिळाली. सर्व्हरच्या खोलीची किल्ली काकांकडून काढून माझ्याकडे दिली गेली. मी ती घेतली.

पुढच्या नवमीला काकांनी मला दार उघडायला बोलावलं. माळ त्यांनी सर्व्हरला घातली नाही. दोन हात लांब, टेबलावर ठेवली.

"लांबूनच बरं, मॅडम."

तेव्हा मी सांगितलं. बूट डिरेक्टरी, पुसलेल्या फायली, सगळं.

"मग हे साहेबांना सांगितलंत?"

सरांची केबिन त्याच मजल्यावर होती. मी किल्ली घेऊन तिथवर गेले. दाराला कुलूप होतं. सर रजेवर होते. मला हायसं वाटलं.

सोमवारी मी सरांना सगळं सांगितलं, किल्ली काकांना परत मिळाली. चुकीची लाज एव्हाना बोथट झाली आहे. त्या बंद दारापुढे हायसं वाटल्याची मात्र अजून तशीच आहे.