माझ्या मायला उखाणा मागणारी कचेरी

नवरा मेलेल्या बाईला तुम्ही कधी उखाणा घ्यायला लावलं आहे काय?

नसेल लावलं. पण कुणी लावत असताना बाकावर बसून तुम्ही हसला असाल. तो बाक मी पाहिला आहे. म्हणून विचारते.

बुलढाण्यातली एक सरकारी कचेरी. थंडीचे दिवस. टेबलामागं मोठे बाबू, अंगात लोकरी कोट. बाजूच्या बाकावर रस्त्याची कामं घेणारे दोन ठेकेदार बशीत चहा ओतून पीत बसलेले. माझी माय दारात उभी. मी तिच्यामागं.

"गणप्याची बायको कोण?" बाबू ओरडले.

माय उंबऱ्याच्या आत सरकली.

"तूच? कशावरून?"

मायनं पोलीस पाटलाचा दाखला पुढं केला. बाबूंनी तो हातातही घेतला नाही.

"दाखला कोणीही आणतं. तोंडानं सांग. नवऱ्याचं नाव काय?"

मायचा पदर दातात.

"मुकी आहे का ही?"

"नाही साहेब," मी म्हणाले. "माझ्या वडलांचं नाव गणपत..."

"तुला विचारलं का? वारस ती आहे. तिला बोलू दे."

माय जमिनीकडं पाहत होती. एक ठेकेदार बशी खाली ठेवून म्हणाला, "घे ना वं नाव! लाजून काऊन राह्यली? नवी नवरी हायेस काय?"

दुसरा म्हणाला, "तसं नाही घेनार ते. उखान्यात घ्या लागते."

"हां," बाबू हसले. "घे, उखाण्यात घे. आम्हीही ऐकू."

कचेरी हसली. चपराशी हसला. खिडकीपाशी दाखल्यासाठी उभा असलेला एक म्हातारा शेतकरीसुद्धा हसला. तो आमच्यासारखाच गरीब दिसत होता.

मायच्या कपाळावर कुंकू नव्हतं. त्या कपाळाकडं बघून ती माणसं उखाणा मागत होती.

"लग्नाची का पाट लावून आणलेली?" बाबूंनी वर विचारलं. "तुमच्यात काय सांगता येतं? जा. नाव घेता आलं की ये. नाहीतर वारस पटला नाही असा शेरा मारतो, मग बस आयुष्यभर."

माय वळली. मी तिच्यामागं निघाले. मागून हसणं ऐकू येत राहिलं.

आम्ही काय मागायला गेलो होतो ते सांगते.

माझा बा सरकारी रस्त्यावर मैलकुली होता. धाडच्या वाटेवरचा एक मैल त्याच्या ताब्यात. त्या मैलावरचे खड्डे बुजवायचे, कडेचे चर उकरायचे, नवीन लावलेल्या निंबांना पाणी घालायचं. कोटातल्या साहेबाची जीप ज्या रस्त्यावरून सुरळीत जायची, तो रस्ता माझ्या बानं पाठ मोडून सुरळीत ठेवलेला. वैशाखात डांबराचं काम चालू होतं. बा डांबराच्या पिंपापाशी कोसळला. बैलगाडीतून नेता नेता गेला. नोकरीवर असताना गेला. त्याच्या पगारातून कापून ठेवलेला फंड आणि मायला दरमहा मिळायची पेन्शन सरकारकडं निघत होती. ती भीक नव्हती. बाच्या घामातली उरलेली मजुरी होती. ती येत नव्हती म्हणून माय बाच्याच मैलावर खडी फोडत होती.

बाला वाचता येत नव्हतं. पण निवडणुकीत जीपगाड्यांतून पत्रकं उधळली जायची, ती त्याच्या मैलावर पडायची. रस्ता साफ ठेवणं त्याचं काम. तो पत्रकं उचलायचा, पण फेकायचा नाही. घडी करून मुंडाशात खोचून घरी आणायचा. "काय लिवलं वं याच्यात?" मी वाचून दाखवायची. लाल पत्रकं, निळी पत्रकं, सगळ्या पक्षांची. सगळ्यांत हक्क हा शब्द असायचा. बा म्हणायचा, "हे पान ठेव." ट्रंकेत गठ्ठा झाला. शाळेतली पुस्तकं दरसाल परत द्यावी लागत. पत्रकं माझीच राहिली. मी त्यांच्यावर वाढले.

त्या दिवशी एस.टी.त मी मायवर चिडले होते. "सांगून टाकायचं ना माय! एक तर नाव होतं."

"माह्या तोंडातून कसं निंगन वं?"

"आता कशाला भ्यायचं? नाव घेतल्यानं ज्याचं आयुष्य कमी होतं, तो तर गेला."

माय खिडकीबाहेर बघत राहिली. बाचा मैल आला. निंबाची झाडं एकामागून एक मागं जात होती. मग ती बोलली.

"गेला म्हून काय परका झाला?"

आणि तिथंच, त्या मैलावर, मला दुसरी एक गोष्ट दिसली. बाबूंची बायको बाबूंचं नाव घेत असेल काय? त्यांच्या आईनं कधी घेतलं असेल काय? नाही. "आमचे हे", "आमच्याकडचे", "अहो". तिथं त्याला संस्कार म्हणतात. लोक कौतुक करतात, घराणं चांगलं आहे म्हणतात. तीच रीत माझ्या मायनं पाळली तर ती मुकी. अडाणी. तमाशाची वस्तू. रीत एकच. फरक फक्त दाराच्या कोणत्या बाजूला उभं राहून पाळता याचा.

राज्य मराठी झालं तेव्हा बानं पत्रक आणलं होतं. आता कारभार आपल्या भाषेत होणार, असं त्यात होतं. झाला. पूर्वी कचेरीतली शिवी आम्हाला कळत नसे. आता कळते.

पुढच्या सोमवारी आम्ही परत गेलो. तोच कोट. तोच बाक. एक ठेकेदार होताच.

"आली का?" बाबू म्हणाले. "पाठ केला का उखाणा?"

मी टेबलापाशी गेले.

"साहेब, तुमच्या आईनं तुमच्या वडलांचं नाव असं चार लोकांत घेतलं असतं का?"

लिहिणाऱ्यांचे टाक थांबले.

"काय म्हणालीस?"

"विचारते आहे. तुमच्या आईला इथं उभं केलं असतं, आणि या ठेकेदारानं म्हटलं असतं, घे उखान्यात, तर तुम्ही हसत बसला असता का?"

"चपराशी! हिला बाहेर काढ!" बाबू उठले. तोंड लाल. "माजले आहेत. गणप्याची पोर मला शिकवते! गणप्या काय..."

चपराश्यानं माझा दंड धरला. त्याच वेळी माझ्या मागून आवाज आला. इतका मोठा आवाज मी मायचा शेतातही ऐकला नव्हता.

"गणपतराव!"

मायनं पदर दातातून सोडला होता. ती बाबूंच्या टेबलासमोर आली.

"गणपतराव तुकारामजी. सरकारी रस्त्यावर मैलकुली. त्यायची लग्नाची बायको मी. गणप्या नाही. गणपतराव म्हना. आन् लिवा."

कुणी हसलं नाही. ठेकेदार चहाच्या बशीत बघत होता. चपराश्याचा हात माझ्या दंडावरून आपोआप सुटला. बाबू बसले. त्यांच्याकडं आता काही कारण उरलं नव्हतं. त्यांनी लिहिलं. मायचा अंगठा घेतला. तोंडानं मात्र राव म्हणाले नाहीत.

बाहेर आल्यावर मायनं पायरीवर बसून घेतलं. मला वाटलं, रडेल. रडली नाही.

"शेवटी घेतलंस ना माय," मी म्हणाले.

"त्यानं मांगतलं म्हून नाही घेतलं," ती म्हणाली. "ते मेल्यावर बी तो त्यायले गणप्या म्हने. मंग कोन सांगन त्याले? मलेच सांगा लागलं."

कागद वर गेला आहे. अजून वरच आहे. मायच्या हातात अजून पैसा आलेला नाही. ती अजून खडी फोडते. मी हे गोड शेवटासाठी लिहीत नाही. शेवट झालेला नाही.

मी दर सोमवारी जाते. आता एकटी जात नाही. साखरखेर्ड्याची एक बाई आहे, नवरा शाळेत शिपाई होता. नांदुऱ्याची एक आहे, तिचा मुलगा सरकारी नोकरीत असताना गेला. त्या बोलत नाहीत तेव्हा मी बोलते. मेलेल्याचं नाव पूर्ण सांगते, राव लावून. पेन्शन मिळेपर्यंत जाईन. मायची मिळाली तरी दुसऱ्यांची मिळेपर्यंत जाईन. पत्रकं आता मी लिहिते. हे त्यांतलंच एक आहे.

तुमच्याकडं एकच मागणं आहे. सोमवारी तुमचंही काहीतरी काम कचेरीत असेल. तुम्ही बाकावर बसला असाल. दारात एखादी बाई पदर दातात धरून उभी असेल आणि टेबलामागून कुणी तिच्या माणसाला अरेतुरे करत हाक मारेल. तेव्हा हसू नका. गप्पही बसू नका. उठा, तिच्या बाजूला जाऊन उभे राहा, आणि टेबलामागच्या माणसाला मोठ्यानं सांगा: "राव म्हणा."